जट नव्हतीच, गुंता होता

नाना, पावसाळा सरला तेव्हापासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आधी ताप आला, डासांचा, आमच्या कॉलनीत घरटी एकाला आला तसाच. ताप गेला आणि जाताना खांदा आखडून गेला. डॉक्टर म्हणतात, हळूहळू सुटेल, घाई करू नका. मी कशाला घाई करते? शाळेतली नोकरी संपली, तुमचे जावई गेले, मुलगा बंगळुरूला. घाईने जाण्यासारखं आता एकच ठिकाण उरलंय आणि तिथे तुम्ही केव्हाच जाऊन बसलात. हात वर जात नाही म्हणजे काय, ते घरात एकटं राहणाऱ्या बाईलाच कळतं. वरच्या फळीवरचे डबे खाली आणले, ब्लाउजचे हूक पुढे करून घेतले, पंख्यावरची धूळ पंख्यावरच राहू दिली. फक्त केसांची सोय लावता आली नाही. तापात किती दिवस उशीवर डोकं घासत पडले होते, विंचरायला कोणी नव्हतं. उठून बसले तेव्हा मानेवर केसांचा घट्ट गोळा झालेला. तुम्हाला लिहायला बसले ते याचसाठी. गुंता झाला तोही लहानपणीच्याच जागी. मानेच्या खड्ड्याच्या जरा वर, डावीकडे.

तसे केस आधीच गेलेले होते. मुलाच्या लग्नात सुनेच्या मैत्रिणीने ते सरळ करून दिले, पापडाला चिमटा लावावा तशी गरम पट्टी फिरवून. दोन दिवस फोटोत मी फार छान दिसले. त्यानंतर ते झाडूच्या काड्यांसारखे झाले आणि वर माझा रंग लावायचा हट्ट. म्हणजे दोष सगळा तापाचा नाही. आता मोबाइलवर व्हिडिओ बघते. मेथी भिजवून वाटा, दही लावा, जवस उकळून त्याचा चिकट पाक लावा, जास्वंदीची पानं चुरगळा. सगळं करून झालं. समोरचे केस बरे होतात हो, तिथे डावा हात पोचतो. मागचं मागेच राहतं. एक मुलगी सांगत होती, अगदी नवा शोध लागल्यासारखी, की दुबळ्या केसांना तांदळाचं पाणी लावा, ताकद येते. मी मोठ्यांदा हसले. घरात कोणी नसताना हसलं की आवाज जरा जास्तच होतो.

पार्लरमधल्या मुलीने गोळ्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, कापूनच टाका. शॉर्ट हेअर तुम्हाला छान दिसतील." मुलगाही रविवारच्या फोनवर तेच म्हणाला, केसच आहेत, येतील परत. दोघांचं काही चुकलं नाही. पण माझ्याकडे भांडी-फरशीला येणारी बाई चांदवडकडची आहे, तिने एक दिवस मागून पाहिलं आणि तिच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. "काकू, ही जट हाय," ती म्हणाली. "देवीची हाय. हिला कात्री लावू नका." मग तिने खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. नाना, सकाळी मी कप विसळून ठेवला नाही म्हणून मला बोलणारी बाई दुपारी माझ्या पाया पडत होती. मी पाय मागे घेतले आणि एकदम येवल्याच्या घरात जाऊन पडले.

मी सहा-सात वर्षांची असेन. विषमज्वरातून उठलेली. ओसरीवर मला उन्हाला बसवलंय आणि शेजारच्या दोघी-तिघी माझ्या मानेमागे वाकून बघतायत. आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी आहे. "देवी आली गं तुझ्या घरात," असं कोणीतरी आईला म्हणतं आणि आईच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, ते आनंदाचं की भीतीचं हे तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. माझ्या गुंत्याला हळद लावतात, कुंकू लावतात. मला मात्र ते सगळं आवडलं होतं, कारण त्या दिवशी मला गूळ-खोबरं मागावं लागलं नाही. आता फणी लावायची नाही, मंगळवारी ओटी भरायची, पुढचं देवी बघून घेईल. पुढचं म्हणजे काय ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण माजघरात आत्या बसलेली होती. तुमची धाकटी बहीण. कमरेपर्यंत आलेली जट खांद्यावरून मांडीत घेऊन बसायची. लग्न नाही, लग्नकार्यात मागची जागा आणि मंगळवारी मात्र बाया रांगेने पाया पडायला. मान सरळ करता येत नसे तिला. मी तिला कधी वर आभाळाकडे पाहताना पाहिलं नाही.

तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. धोटा इकडून तिकडे जातोय, पैठणीच्या काठातला मोर अर्धा विणून झालाय. बायकांचं बोलणं तुम्हाला सगळं ऐकू येत होतं, तरी तो मोर पुरा होईपर्यंत तुम्ही मान वर केली नाहीत. मग उठून बाहेर आलात. माझ्यामागे उकिडवे बसलात आणि तो गोळा दोन बोटांत धरून दाबून पाहिलात, रेशमाची बिघडलेली लड बघायचात तसा. आई म्हणाली, "हात नका लावू हो." तुम्ही म्हणालात, "मला हा गुंता दिसतोय." शेजारची म्हणाली, असलं बोलू नये. मग एकच सूचना पुढे आली, की नको असेल तर न्हाव्याकडून कापून घ्या आणि नदीला सोडा, पाप लागलं तर लागलं. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी शाळेत तीस वर्षं पोरांना अंधश्रद्धेचा धडा शिकवताना कधी सांगितलं नाही, कारण ते मला एकटीला ठेवायचं होतं. तुम्ही म्हणालात, "कापली तर लोक म्हणणार, देवीची जट कापली. सोडवली तर जट नव्हतीच, गुंता होता."

माजघरातून आत्याचा आवाज आला. ती एरवी तुमच्या कामात बोलत नसे. "सोडव रे दादा," ती म्हणाली. "लय जड असती ही." बस, एवढंच. आई आत निघून गेली आणि चुलीपुढे बसून राहिली.

पण तुम्ही काही फार मोठे धीट होता असं नाही, हे मला माहीत आहे. लोकांना वाटलं, विणकर भारी हट्टी. मी मात्र तुमच्याजवळ होते. मागाच्या वर भिंतीला देवीची तसबीर होती, रोज सकाळी तिला हात जोडल्याशिवाय तुम्ही धोट्याला शिवत नव्हता. त्या दिवशी तुम्ही मला हाताला धरून तिच्यापुढे उभं केलंत, नारळ ठेवलात आणि हळू म्हणालात, "आई, पोर अजाण हाय. सोडवतोय मी. चुकत असेल तर जे काय करायचं ते माझ्या हातांना कर." मला काही कळलं नाही. हात म्हणजे काय, ते मला तुम्ही दहा बोटं जपताना बघूनही कळलं नव्हतं. रेशमाला खरखरीत बोट चालत नाही म्हणून तुम्ही कधी लाकूड फोडलं नाहीत, विहिरीचा दोर ओढला नाहीत, नारळसुद्धा आईच फोडायची. आळीत तुमची चेष्टा व्हायची, की यांची बोटं नव्या नवरीची. तेच हात तुम्ही गहाण टाकलेत.

मग कितीतरी दिवस दुपारचा उजेड खिडकीतून येतो तेवढा वेळ मी तुमच्या पुढ्यात बसते. मागावरची साडी तशीच अर्धी ताणलेली. व्यापाऱ्याचा माणूस येऊन दारातून बघून जातो, तुम्ही त्याला "होईल" एवढंच म्हणता. बोटांना खोबरेल तेल, गुंत्याला खोबरेल तेल. फणी नाहीच, नुसती बोटं आणि कधी कांडी भरायच्या कामातली एक बारीक काडी. खालच्या टोकापासून सुरुवात. एक केस मोकळा झाला की त्याला पुढे माझ्या खांद्यावर टाकायचं आणि मला म्हणायचं, "हा धर." मी धरायचे. ओढायचं नाही, हे तुम्ही मला नाही, स्वतःलाच सांगत होता, पुन्हा पुन्हा: ओढलं की गाठ आवळते, तिला वाट द्यायची. मला पाय दुखतात, मी कुरकुरते, तुम्ही रागावता. "हाल नको, माझं लक्ष जातं." एकदा मी चिडून मान झटकली तेव्हा तुम्ही मला पाठीत धपाटा घातला होतात, तोही तेलकट हाताने, आणि माझ्या फ्रॉकवर पाच बोटं उठली. आईने तो फ्रॉक राखेने घासून धुतला, तरी बोटं पुरती गेली नाहीत. आत्या माजघराच्या उंबऱ्याशी सरकून बसायची आणि आपली जट मांडीत घेऊन बघत राहायची. एकदा तिने तुम्हाला विचारलं, "माझी निघंल का रे?" तुम्ही तिची जट हातात घेऊन किती वेळ दाबून बघितलीत. मग म्हणालात, "नाय गं. ही आता नमदा झाली, केस सुटे राहिलेच नाय." ती म्हणाली, "बरं." आणि परत माझ्याकडे बघायला लागली.

शेवटचा केस सुटला तेव्हा तुम्ही हात पुसलेत आणि मागावर जाऊन बसलात. उरलेले माझे केस बघण्यासारखे होते, अर्धे तुटलेले, कोरडे, एका बाजूने कमी. आणि मग तुम्ही ती चूक केलीत जी फक्त विणकराच्या घरात होऊ शकते. तुमचे वडील सुती लुगडी विणायचे तेव्हा कमजोर सुताला खळ देऊन ताण्यावर चढवायचे, हे तुमच्या डोक्यात होतं. सुताला ताकद येते तर केसाला का येऊ नये? आईला न विचारता तुम्ही भाताच्या पेजेची घट्ट खळ केलीत, कुंच्याने माझ्या केसांना वरून खाली दिलीत आणि उन्हात वाळवलीत. मी शाळेत गेले तेव्हा माझ्या दोन्ही वेण्या हवेत आडव्या उभ्या होत्या. बाईंनी विचारलं, घरी लग्न आहे का? मुलांनी वेणीवर टिचकी मारली की टक् असा आवाज यायचा. रडत घरी आले तर तुम्ही दारातच बसला होतात, तोंड पाडून. "सुताला चालतं गं," तुम्ही म्हणालात, "म्हटलं तुलाबी चालंल." आजारपणानंतर आई पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी. मग रिठे उकळून ती खळ काढायला अख्खी दुपार गेली. नंतर तुम्ही पैठणीच्या रेशमातली उरलेली एक जांभळी पट्टी दिलीत, झोपताना केसांना बांधायला, म्हणजे उशीला घासणार नाहीत. आता तशा रेशमी उशीच्या खोळी दुकानात विकतात, नाना. सुनेने एक पाठवलीय.

पुढचं लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी नाशिकला नोकरीला लागले, लग्न झालं, आणि एक दिवस घरून निरोप आला की तुमच्या हातातून धोटा सुटतो. आधी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या, मग पकड गेली. माग बंद झाला, दुसऱ्याच्या दुकानात तुम्ही गिऱ्हाइकांपुढे पैठण्या उलगडायला बसायला लागलात. आळीत कोणी तोंडावर बोललं नाही. त्यांना बोलायची गरजच नव्हती, माझ्या कानावर आलंच. मी तुम्हाला इकडे मोठ्या डॉक्टरकडे आणलं. त्याने फोटो काढून दाखवला, मानेतली नस दबलीय, वर्षानुवर्षं खड्ड्यात वाकून बसल्याने होतं, अनेक विणकरांना होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी तुम्हाला बाहेर उसाचा रस पाजला. परत जाताना मी तुमच्याबरोबर येवल्यापर्यंत आले. एसटीत तुम्ही खिडकीशी, मी शेजारी. विंचूर मागे पडलं असेल. बाहेर बघत बघतच तुम्ही विचारलंत, "डॉक्टर खरं बोलला ना गं?"

मी म्हणाले, हो. आणखी काय म्हणणार होते? पण तेव्हा मला समजलं, की इतकी वर्षं तुम्ही एकटेच ते मनात घेऊन मागावर बसत होता. प्रत्येक सकाळी तसबिरीला हात जोडताना ते हात तिला दाखवत होता. आणि मी केस मोकळे सोडून कॉलेजात जात होते.

पंधरवड्यापूर्वी एका दुपारी मी गॅलरीत उन्हाला बसून डाव्या हाताने फणी मागे न्यायचा खटाटोप करत होते. फणी हातातून पडली, ती खालच्या मजल्यावर जाऊन आदळली आणि मला रडू आलं. एवढ्यातेवढ्याने रडणारी बाई मी नाही, पण आलं. कामाची बाई फरशी पुसता पुसता उठून आली. "काय झालं काकू?" म्हटलं, हात पोचत नाही. ती पदराला हात पुसत उभी राहिली. "मी केलं असतं," ती म्हणाली. "पण काकू, माझ्या हातावर घर हाय. उद्या मला काय झालं तर लेकरांना काय घालू?" मला तिला धडा शिकवता आला असता. विषमज्वर, तेल, घाम, केस, सगळं मला तोंडपाठ आहे. पण मला एसटीची खिडकी दिसली. मी उठून देव्हाऱ्यापाशी गेले आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, ही नुसती बोटं चालवणार आहे. सोडवायला मी सांगितलंय. काही राग असेल तर तो माझ्या उजव्या हातावर काढ." तिने नीट ऐकून घेतलं. मग खात्री करून घेतली, "तुमच्याच ना?" म्हटलं, माझ्याच.

तिचे हात भांडी घासून भेगाळलेले, केस त्या भेगांत अडकायचे. म्हणून आधी मीच तिच्या हातांना तेल चोळलं, डाव्या हाताने, एकेक बोट. ती लाजून हसत होती. म्हणाली, माझ्या हाताला लग्नातल्या हळदीनंतर कोणी काय लावलं नव्हतं. मग मी सांगत गेले आणि ती करत गेली. खालून धर. ओढू नको. वाट दे. ती सासूच्या तक्रारी सांगायची, कांद्याच्या चाळीत पाणी शिरलं ते सांगायची, आणि मध्येच "हा धरा काकू" म्हणून एक केस पुढे द्यायची. हे शब्द मी तिला शिकवले नव्हते. रोज काम उरकलं की ती बसायची. कधी दुखायचं, पण मी हलले नाही. तुमचं लक्ष गेलं असतं म्हणून.

काल सुटला, नाना. फणी वरून खालपर्यंत गेली. निघालेल्या केसांची गुंडाळी तिने कागदात बांधून टाकून दिली, तिच्याकडे न बघता. राहिलेल्यांची उंदराच्या शेपटाएवढी वेणी झाली. "जट नव्हतीच काकू," ती जाताना म्हणाली, "गुंता होता." आणि तिने दारात थांबून आपली बोटं मिटून उघडून बघितली. मीही तेच बघत होते. आज सकाळी ती वेळेवर आली, भांडी घासली, गेली. आता दुपारी बसायचं काही कारण उरलं नाही. गुंता सुटायला नको होता, असंही मध्येच वाटून गेलं. किती वर्षांनी कोणाचा तरी हात रोज डोक्यावर होता.

ही जांभळी पट्टी बांधून लिहितेय, ती अजून आहे, कड तेवढी विरली. कागदाला जागोजाग तेल लागलंय, हे कुठे पाठवण्यासारखं राहिलं नाही. पण एक सांगते, देवीला माहीत आहेच, तुम्हालाही असू द्या. मी तिच्यापुढे उजवा हात ठेवला, तो मुळातच वर जात नव्हता. तुम्ही ठेवलेत तेव्हा तुमचे दोन्ही चांगले होते.